फ्लॅशच्या कपॅसिटरपासून जपा, पण कॅमेरा भंगारात घालू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची क्रेझ परत आलीय यावर तुम्ही छापलं ते वाचलं, आवडलं, पण त्यात एक गोष्ट राहून गेली आणि ती सांगायलाच पाहिजे म्हणून लिहितेय. हे कॅमेरे पंधरा-वीस वर्षं कुणाच्या तरी कपाटात पडलेले असतात, पोरं ते भंगारवाल्याकडनं नाहीतर ऑनलाइन सेकंडहँड घेतात, चार दिवस झकास चालतात, मग काहीतरी बिघडतं आणि पोरगं मोबाईलवर एक व्हिडिओ बघून स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतं. बसू दे की, मला त्याचा आनंदच आहे. पण आत फ्लॅशचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग असतो हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं.

कॅमेऱ्याची बॅटरी ३.७ व्होल्टची, मग यात शॉक कसला बसणार असं वाटतं. पण फ्लॅश पेटवायला आतलं सर्किट तेच व्होल्टेज ३०० च्या आसपास चढवतं आणि तो चार्ज कपॅसिटरमध्ये साठून राहतो, बॅटरी काढून ठेवली तरी बराच वेळ राहतो. फ्लॅशच्या जवळ नाहीतर बॅटरीच्या कप्प्याला चिकटून एक काळं नळकांडं दिसतं, तोच तो. झाकण काढताना बोट बरोबर त्याच्याच धातूच्या दोन पायांवर जातं, कारण धरायला तिथंच जागा असते. हात झटकन मागं येतो, कॅमेरा खाली पडतो, आणि कुणाला हृदयाचा त्रास असेल तर गोष्ट याच्याही पुढं जाऊ शकते. व्हिडिओत काहीजण स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन्ही पायांवर टेकवून ठिणगी काढून दाखवतात, तसं अजिबात करू नका, टोक जळतं आणि सोबत बोर्डही जाऊ शकतो. साधा मार्ग म्हणजे जुना पिवळा फिलामेंटचा २३० व्होल्टचा बल्ब, एलईडी चालत नाही, त्याच्या होल्डरला दोन चांगल्या इन्सुलेशनच्या वायरी जोडायच्या आणि त्यांची टोकं काही सेकंद कपॅसिटरच्या पायांवर धरायची. बल्ब नसेल तर २ किलोओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर घ्यायचा, तोही बोटात न धरता वायरीला जोडून. मग व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर डीसी ६०० व्होल्टच्या रेंजवर लावून बघायचं, आकडा दहा व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवायचं. शाळकरी पोरांनी हे काम एकट्यानं करायचंच नाही, घरातलं जाणतं माणूस शेजारी पाहिजे.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय आणि गल्लीतले मिक्सर, रेडिओ, इमर्जन्सी लाईट माझ्याकडंच येतात, आता कॅमेरेपण यायला लागलेत. नुकताच एक आला त्याचं सांगते, कारण तो बिघाड फार कॉमन आहे. घरात फ्लॅश मारून काढलेले फोटो बऱ्यापैकी, आणि इथं कोल्हापुरात रंकाळा तलावावर उन्हात काढलेले सगळे पांढरेफटक, वर रेघा. एका सर्व्हिस सेंटरनं बघितल्या बघितल्या सांगितलं की सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी आतली चिप गेलीय, पार्ट येत नाही, नवीन घ्या. पण स्क्रीनवर चित्र स्वच्छ दिसत होतं आणि व्हिडिओपण व्यवस्थित होत होता, सेन्सर गेला असता तर हे झालंच नसतं. म्हणजे दोष शटरचा, सेन्सरपुढं उघडझाप करणाऱ्या पातीचा. या सीसीडी नावाच्या सेन्सरवाल्या कॅमेऱ्यात फोटोचा डेटा सेन्सरवरनं वाचून घेताना ही बारीक पाती मिटावी लागते, ती चिकटून उघडीच राहिली की उजेड पडतच राहतो आणि फोटो धुतला जातो. याच्या उलट पाती मिटून बसली तर सगळे फोटो काळे. हे घरी तपासता येतं, फ्लॅश बंद करायचा, लेन्स आपल्याकडं करून बटण दाबायचं आणि आत पाती मिटते का ते टक लावून बघायचं. बिघाड कशाचा हे एवढ्यात कळतं, अजून एक स्क्रूही काढलेला नसतो.

ती पाती म्हणजे केसासारखं पातळ प्लास्टिक, तिला एक चिमुकलं लोहचुंबक आणि कॉईल हलवते, ताकद अगदी थोडी, त्यामुळं जरासा ओशटपणा आला की पाती हलतच नाही. आपल्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीसुद्धा घाम गाळतात, कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याचं काय होणार? उपाय म्हणजे लेन्सचा भाग उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पाती दोन्ही बाजूंनी हळू पुसायची, ९९ टक्क्यांचं घ्यायचं, औषधाच्या दुकानातलं स्पिरिट नको कारण त्यात पाणी जास्त असतं. आणि तेल कधी म्हणजे कधीच घालायचं नाही, शिलाई मशीनचं तर बिलकुल नाही. तो कॅमेरा आता चालतोय, ज्याचा आहे तो पोरगा रोज कुठनं ना कुठनं फोटो काढून आणून दाखवतो.

उघडण्याबद्दल थोडं. जपानी कॅमेऱ्याचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखेच दिसतात पण बरेचदा जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या पद्धतीचे असतात, साधा ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, वर सरकतो आणि डोकं चाटून जातं, मग तो स्क्रू काढताना जीव जातो. जेआयएसचा छोटा सेट घ्या, पैसे वसूल होतात. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर थेट स्क्रीनला नाहीतर बोर्डला भोक. म्हणून थर्माकोलवर कॅमेऱ्याचं चित्र काढायचं आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवायचा, प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढायचा. आतल्या चपट्या रिबन केबल ओढायच्या नाहीत, कनेक्टरवर एक बारीक झाकणी असते ती नखानं उचलली की केबल आपोआप सुटते. माझ्याकडं आलेल्या कॅमेऱ्यांमध्ये मूळ बिघाडापेक्षा ओढून तोडलेल्या केबलच जास्त असतात, खरंच वाईट वाटतं.

आपल्या भागातला अजून एक बिघाड म्हणजे गुलाल. जोतिबाच्या चैत्र यात्रेत कॅमेरा बाहेर काढला, लेन्स पुढं आलेली, गुलाल खोबणीत शिरला की आतले प्लास्टिकचे बारीक दाते अडतात आणि स्क्रीनवर लेन्स एरर येतो. हातानं लेन्स आत ढकलू नका, दाते तुटतात. लेन्स खाली करून मऊ ब्रश आणि रबरी ब्लोअरनं काढा. उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात ओळख आहे म्हणून कुणी वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा मारून आणतं, त्या हवेत पाणी आणि तेल असतं, गुलालाचा तिथंच चिखल होतो. यात्रेला जाताना प्लास्टिकच्या पिशवीत लेन्सपुरतं भोक पाडून रबर लावलं तरी पुष्कळ वाचतं.

काही कॅमेरे मात्र उघडून उपयोग नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेले, ज्यांचा बोर्ड हिरवा पडलाय, ते सोडून द्या. आणि सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की साधारण २००२ ते २००४ मध्ये बनलेले सोनीचे काही सीसीडी सेन्सर उष्ण आणि दमट हवेत आतली जोडणी सुटून खराब व्हायचे, २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी हे जाहीर केलं आणि वॉरंटी संपलेले कॅमेरेसुद्धा फुकट दुरुस्त करून दिले. त्या काळातला कॅमेरा असेल आणि स्क्रीनवरच जांभळं, वाकडंतिकडं नाहीतर काळं चित्र येत असेल तर तो शटरचा दोष नव्हे, घेऊच नका. दर वेळी बॅटरी काढली की तारीख पुसली जाते हा दोष मात्र अगदी किरकोळ, आतला बटणाएवढा सेल गेलेला असतो, सोल्डरिंग येणाऱ्याला सहज जमतं.

आता पार्ट कुठनं आणायचा हा खरा प्रश्न. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी मिळून जगभर १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे पाठवले होते, २०२३ मध्ये हाच आकडा ८० लाखांच्या आत आला, एवढा धंदा आटल्यावर जुन्या मॉडेलचे पार्ट कोण बनवणार? पण तेच कोट्यवधी कॅमेरे आज कपाटात पडलेत, एकाचं शटर गेलंय तर दुसऱ्याचा स्क्रीन, दोन बंद कॅमेऱ्यांतनं एक चालू होतो. आपण ते पन्नास-शंभर रुपयाला भंगारात घालतो आणि तिथं हातोडीनं फोडतात. केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, शेतीची अवजारं, मोबाईल आणि टॅब्लेट, घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि गाड्या अशी क्षेत्रं धरली, पोर्टलही काढलं. पाऊल चांगलं आहे, पण पोर्टलवरच्या नुसत्या हेल्पलाईन नंबरनं माझं काम होत नाही. मॉडेल बंद करताना कंपनीनं त्याचं सर्व्हिस मॅन्युअल तरी सगळ्यांना खुलं करावं ही माझी साधी मागणी आहे, त्यात कंपनीचं काय जातं?

आणि हे कोल्हापूर आहे. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे, आपण दरवर्षी तिथं हार घालतो. त्या गावातल्या पोरांना कॅमेऱ्याचं शटर पुसायला पुण्या-मुंबईला पाठवावं लागतं हे मला पटत नाही. इथल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की महिन्यातनं एखादा रविवार लॅब उघडी ठेवा, लोक आपले बंद कॅमेरे घेऊन येतील, विद्यार्थ्यांना कपॅसिटर डिस्चार्ज करण्यापासनं सोल्डरिंगपर्यंत सगळं खऱ्या वस्तूवर शिकायला मिळेल. मी शिकवायला यायला तयार आहे, मानधन नको.

तुम्हाला विनंती एवढीच की कपॅसिटरचा मजकूर पुरवणीत ठळक चौकटीत छापा, दिवाळीच्या सुट्टीच्या आधी छापलात तर बरं, कारण पोरं कॅमेरे उघडतात ते सुट्टीतच.

आपली,
एक नियमित वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर