पिंट्या, अण्णांना तूच सांग

प्रिय पिंट्या,
जय भीम.

शिव्या नंतर दे, आधी वाच. तब्येत ठीक, शुगर आहे तिथंच आहे. सासरे गेले. थायलंडात उबोन राचथानीजवळ त्यांच्या गावात आहोत सगळे, आणि इथं जे चाललंय ते तुझ्याशिवाय कोणाला सांगून समजणार नाही बे.

मयत घरातच आहे, फ्रीजवाल्या पेटीत, पेटीला रंगीत लाइटिंग. संध्याकाळी विहारातून भंते येतात, "कुसला धम्मा, अकुसला धम्मा" सुरू झालं की मी हात जोडून बसतो, सगळं आपलंच वाटतं. भंते गेले की अंगणात पत्ते, दारू, खिदळणं, कारण मयताला रात्री एकटं सोडायचं नाही म्हणून गाव जागतं. गेटजवळ खांबावर भुताखेतांसाठी छोटंसं घर, त्याच्यापुढे लाल फँटाची बाटली, त्यात स्ट्रॉ! तू असतास तर तिथंच बाबासाहेबांच्या 22 प्रतिज्ञा म्हणायला उभा राहिला असतास, आमच्या आजीच्या तेरवीला राहिलास तसा. (विसरलो नाही मी ते. पंगत उठवलीस आणि मागच्या दारी जाऊन बुंदी हाणलीस.)

तर परवा भोजनदान झाल्यावर सासूबाईंनी माझ्या हातात पितळेचं पिटुकलं भांडं दिलं. भंते "यथा वारिवहा पूरा" म्हणतायत आणि मी बारीक धारेनं वाटीत पाणी सोडतोय, हिनं माझ्या कोपराला बोट लावलेलं, छोटूनं हिच्या पाठीला, म्हणजे पुण्य सगळ्यांकडून पोचतं. मग ते पाणी झाडाच्या मुळाशी ओतायचं. नेमका तेव्हाच अण्णांचा व्हिडिओ कॉल, छोटूनं उचलला. अण्णा बघत राहिले, "हे तर्पण होय?" एवढंच म्हणाले आणि ठेवला. तेव्हापासून उचलत नाहीत.

14 ऑक्टोबर 1956ला आजोबांच्या खांद्यावर बसून दीक्षा पाहिलेला माणूस तो. श्राद्ध नाही, पिंडदान नाही, हे आपल्याला पाढ्यांसारखं घोकून घेतलंय त्यांनी. तू म्हणशील ती गाथा तिरोकुड्ड सुत्तातली, म्हणजे खुद्दकपाठातली, त्रिपिटकातच आहे. माहीत आहे रे. पण पाण्यानं सासऱ्यांना काही पोचतं हे मलाच पटत नाही, आणि तरी धार तुटू नये म्हणून मी श्वास धरून बसलो होतो. हे कुठल्या प्रतिज्ञेत बसवू सांग.

आता खरी गोची. उद्या दहन. त्याआधी घरातल्या मुलानं दिवसभरासाठी श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, व्हायचं, आजोबांना पुण्य म्हणून. मेहुणा कोरियात कामाला, सुट्टी मिळाली नाही, म्हणून नंबर छोटूचा. मुंडण, भुवयासुद्धा! दहा शीलं, बारानंतर जेवण नाही, आणि आमचं ध्यान दर तासाला बिस्किट मागतं. चीवर घातलं की हिलाही त्याला हात लावता येणार नाही, म्हणून ही काल रात्रभर त्याला कुशीत घेऊन झोपली. छोटू खुश आहे, भुवया गेल्या की शाळेत भाव वाढेल म्हणतो.

श्रामणेर व्हायला माझी हरकत नाहीच, शिबिरात आपणही झालो होतो की, भर रस्त्यात तुझं चीवर सुटलं होतं ते अख्ख्या बॅचला आठवतं. हरकत आहे ती त्या "आजोबांना पुण्य"ची. पोरगं शील घेणार ते स्वतःसाठी का गेलेल्या माणसासाठी? हिला विचारलं तर म्हणे दोन्ही, यात भांडायचं काय. सासूबाई काहीच बोलत नाहीत, फक्त छोट्या मापाचं चीवर आणून पेटीजवळ ठेवलंय त्यांनी. नाही कसं म्हणू? हो म्हणालोय.

तुझं काम एवढंच की उद्या ही फॅमिली ग्रुपवर फोटो टाकायच्या आत अण्णांकडे जा. भुवयांचं आधी सांग, नाहीतर पोराला काहीतरी झालं असं वाटेल त्यांना. मग सुत्त काढ, भांडा पोटभर, तुमचं दोघांचं तेवढंच जमतं.

वैनीचं ऑपरेशन नीट झालं ना? बदलीचं काय झालं? फोनवर बोलू. आणि ऐक, अण्णांनी बीपीची गोळी घेतली का ते बघूनच विषय काढ.

तुझा,
बाल्या