तो आवाज माझाच आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर ‘पंचाने गायले वादग्रस्त गाणे’ अशी चौकट आली. तो पंच मी. बातमीत दोन चुका आहेत, त्या आधी सांगतो. मी पंच नव्हतो, अंतिम सामन्याचा सरपंच होतो. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. (हे ठाऊक नसल्यामुळे आमच्या गावच्या सरपंचबाईंना दोन दिवस फोन येत होते, की बाई, तुम्ही पोलिसांवर गाणं म्हटलं काय. त्यांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे.) दुसरं, गाणं ‘अज्ञात इसमाने रचलेले’ नाही. ते माझ्या आजीच्या तोंडचं आहे.

धान मळून झालं की आमच्याकडे खुले सामने लागतात. यंदा शाळेमागच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, मैदान केलं होतं. अंतिम सामना रात्री साडेदहाला संपला, ३१–३०. शेवटी एका बोनस गुणावरून थोडी हमरीतुमरी झाली, ती मिटली. बक्षीस द्यायचे पाहुणे अजून रस्त्यात होते, थंडीने लोक उठायला लागले, तेव्हा माईकवाला म्हणाला, “गुरुजी, पाहुणे येतपर्यंत एक होऊन जाऊ द्या.” माझ्या हातात माईक दिला की मी नाही म्हणत नाही, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे.

गाणं चिमूरचं आहे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. प्रभातफेरी निघाली, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा पडला. मग खवळलेल्या लोकांनी डाक बंगला पेटवला, सरकारी अधिकारी आणि शिपाई मारले गेले. पुढे पलटणीने येऊन गावातल्या बायांवर जे केलं, ते आजी गाण्यात म्हणत नसे. रोवणी करता करता ती तिथं नुसती गप्प व्हायची, हातातली परी (धानाची रोपं) चिखलात खोचत राहायची आणि पुढचं कडवं उचलायची.

त्यात एक कडवं शिपायाचं आहे. त्याचं पागोटं उडतं, पट्टा तुटतो, शिट्टी हरवते आणि शेवटी तो चुलीतल्या कणसासारखा भाजतो. लोक हसतात ते याच कडव्याला. बांधीतल्या बायाही हसत. मी ते नेहमी नक्कल करून म्हणतो. त्या रात्री गळ्यात माझी स्वतःची शिट्टी होती, शिपायाची म्हणून मी तीच वाजवली. मांडव खूश झाला.

दुसऱ्या रांगेत, खांबाजवळच्या खुर्चीवर, शेजारच्या गावचे एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांचा नातू हरलेल्या संघाचा चढाईपटू, त्याचा खेळ पाहायला आले होते. या नातवाचा बाप पोलिसात होता आणि गडचिरोलीत भूसुरुंगात गेला. मला हे माहीत होतं. पोरगा शाळेत माझ्याच हाताखाली होता, त्याच्या दाखल्यावर बापाच्या नावाआधी ‘कै.’ आहे, तो दाखला मी पाहिलेला आहे. म्हातारे ‘कणसा’पाशी उठले, गुडघ्यावरची शाल खांद्यावर घेतली आणि मांडवाच्या मागच्या अंगाने अंधारात गेले. मी पाहिलं आणि कडवं पूर्ण केलं. टाळ्या चालू होत्या.

माझ्याकडून जे चुकलं ते हे. बाकी जे मोबाईलवर फिरलं त्याबद्दल मला फारसं बोलायचं नाही. एका गटाने मला नक्षल्यांचा माणूस ठरवलं, दुसऱ्याने क्रांतिकारकांचा वारसदार म्हणून शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं. चाळीस वर्षं पोरांना सूर्यनमस्कार शिकवले, तेव्हा यातला एकही कधी मैदानावर दिसला नाही.

पत्र लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. आमच्या कबड्डी संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याने माझ्यासाठी एक कागद टाईप करून आणला. मजकूर असा, की सदर चित्रफितीतील आवाज माझा नसून तो संगणकाच्या साहाय्याने तयार केलेला असावा. “गुरुजी, आजकाल एआयनं काहीही होते. सही करा, विषय संपला.” मी म्हटलं, चारशे माणसं समोर बसली होती. तो म्हणाला, “थे विसरतीन.”

त्याच संध्याकाळी डब्लिनहून भाचीचा फोन आला. ती तिथं नर्स आहे, कुणीतरी तिलाही ती क्लिप पाठवली होती. म्हणाली, “मामा, इकडं पण असंच झालं होतं, फुटबॉलच्या साहेबाचं.” मग तिने सांगितलं आणि नंतर मी मिळेल तिथून वाचून काढलं.

नोव्हेंबर २०१४ मध्ये आयर्लंडने डब्लिनच्या मैदानावर अमेरिकेला ४–१ असं हरवलं. सामन्यानंतर आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेचे मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन डिलेनी एका पबमध्ये गायले. गाणं होतं जो मॅकडॉनेल या कैद्यावरचं, त्यात तो कैदीच बोलतो. कुणीतरी मोबाईल धरला होता. गवगवा झाला तेव्हा डिलेनींच्या वकिलांनी वृत्तपत्रांना कळवलं, की गाणारा हा माणूस ते नव्हेतच, छापाल तर कोर्टात खेचू. मग ते फिरवावं लागलं आणि साहेबांनी स्वतः कबूल केलं, की गायलो मीच. आपण हिंसेच्या बाजूचे नाही, गाणं म्हटलं म्हणजे त्यातला शब्द न् शब्द पटतो असं नव्हे, कुणी दुखावलं असेल तर माफी, असं त्यांचं म्हणणं पडलं.

हे वाचून मला हसू आलं आणि मग आलं नाही. माझ्यापुढचा टाईप केलेला कागद आणि त्यांच्या वकिलांचं पत्र यात फरक फक्त भाषेचा आणि फीचा.

जो मॅकडॉनेल कोण, हे आपल्या वाचकांना सांगायला हवं. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा, ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र आयरिश संघटनेचा, आयआरएचा माणूस, बंदूक बाळगल्याबद्दल चौदा वर्षांची शिक्षा झालेला. १९८१ साली मेझ तुरुंगातल्या कैद्यांनी उपोषण मांडलं, की आम्ही चोर-दरोडेखोर नाही, राजकीय कैदी आहोत, तुरुंगाचे कपडे घालणार नाही. पहिला गेला बॉबी सँड्स, ६६ दिवसांनी. त्याच्या जागी मॅकडॉनेल बसला आणि ८ जुलैला, ६१ व्या दिवशी गेला. असे दहा जण गेले. दुसरीकडे, उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे राहावं की आयर्लंडला जोडावं, या तीसेक वर्षांच्या झगड्यात सगळ्या बाजूंचे मिळून साडेतीन हजारांहून जास्त लोक मेले आणि त्यातले पुष्कळ आयआरएच्या बॉम्बने आणि गोळीने. १९९८ साली शांतता करार झाला, पण त्या मेलेल्यांच्या बायका, पोरं अजून बाजारहाट करतात, सामने पाहतात. एकाला ते गाणं उपाशी मेलेल्याचं वाटतं, दुसऱ्याला आपल्या दारात फुटलेल्या बॉम्बचं. गाणं एकच.

माझ्यासारख्या शारीरिक शिक्षणाच्या माणसाला ६१ दिवस म्हणजे काय ते कळतं. आधी अंगातली साखर संपते, मग चरबी, मग स्नायू, आणि शेवटी डोळ्यांनी दिसेनासं होतं. आकडा वाचला आणि मला आमचे भन्साळी आठवले. चिमूरच्या बायांवरच्या अत्याचाराची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी १९४२ च्या नोव्हेंबरात उपोषणाला बसले, ते ६३ दिवसांनी जानेवारीत सुटले. लाहोरच्या तुरुंगात क्रांतिकारक जतीन दास १९२९ साली उपोषण करून ६३ दिवसांनीच गेले, तेव्हा आयर्लंडहून मॅकस्विनीच्या घरच्यांची तार आली होती. टेरेन्स मॅकस्विनी म्हणजे कॉर्क शहराचा महापौर, १९२० साली लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवस उपाशी राहून मेला. आमचं आणि त्यांचं नातं आजचं नाही. टिळकांची होमरूल लीग आमच्या वऱ्हाड-मध्य प्रांतात फिरली, तो ‘होमरूल’ शब्दसुद्धा आयर्लंडहूनच आलेला.

पण इथंच मी अडलो. महापौर मॅकस्विनीचं नाव घेतलं तर आज त्या देशात कुणी खुर्ची सोडून जात नाही. मॅकडॉनेलचं घेतलं की जातात. १९२० आणि १९८१ मध्ये उपासाचे दिवस इकडे-तिकडे, मग फरक कशाचा? मला वाटतं, एवढाच, की एकाच्या वेळचे रडणारे आता उरले नाहीत आणि दुसऱ्याच्या वेळचे अजून दुसऱ्या रांगेत बसलेले आहेत. माझ्या गाण्यातला शिपाई बेचाळीसचा. त्याच्यासाठी रडणारं आता कुणी नसेल, अशी माझी समजूत. पण वर्दी तीच, शिट्टी तीच, आणि आगही. म्हाताऱ्यांनी साल विचारायचं कशाला?

‘खेळात गाणी-बिणी कशाला’ म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. आयर्लंडची देशी खेळांची संघटना १८८४ साली निघाली तीच मुळी इंग्रजी खेळांना उत्तर म्हणून. तिच्या क्रोक पार्क मैदानावर २१ नोव्हेंबर १९२० रोजी चालू सामन्यात इंग्रजांच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या, १४ माणसं गेली, त्यात मायकेल होगन हा खेळाडू. त्याच्या नावाची गॅलरी तिथं आहे. मी अमरावतीला शिकलो. तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, त्याची पोरं १९३६ साली बर्लिनला जाऊन कबड्डी खेळून आली. ती काय नुसते दंड फुगवायला गेली होती? आखाड्यात देश होताच.

आणि त्याच क्रोक पार्कवर २४ फेब्रुवारी २००७ ला इंग्लंडचा रग्बी संघ आला, राणीचं राष्ट्रगीत वाजलं. सगळा देश धास्तावला होता. ऐंशी हजार लोक उभे राहून शांत राहिले, मग आयर्लंडने ४३–१३ अशी इंग्लंडची धूळधाण केली. ती क्लिप मी नातवाच्या मोबाईलवर तीनदा पाहिली. खरं सांगायचं तर गाण्यासाठी एकदा आणि खेळासाठी दोनदा.

तर मी कागदावर सही केली नाही. आवाज माझाच आहे. गाणं मी सोडणार नाही, आजीचं आहे. शिपायाचं कडवं मात्र गळ्यात शिट्टी घालून, संघटनेच्या माईकवर यापुढे म्हणणार नाही. संघटनेने मला यंदाच्या पंचांच्या यादीतून काढलं आहे, तो त्यांचा अधिकार. सगळ्यांची जाहीर माफी मागा म्हणतात, तर ती मी मागत नाही. ज्यांची मागायची त्यांच्याकडे मी रविवारी सायकलने जाऊन आलो.

म्हातारे खळ्यावर तणसाची रास लावून राहिले होते. मी बोलायला सुरुवात केली, की त्या रात्री तुम्ही उठून गेले ते मी पाहिलं. त्यांनी हात वर केला. “गाण्याचं सोडा गुरुजी. बसा.” आतून चहा आला. मग बराच वेळ धानाच्या भावावर बोललो. निघताना म्हणाले, “एक सांगा मले. माह्या नातवाले बोनस काऊन नाही देला तुमी?”

शेवटच्या मिनिटातली ती चढाई. दोन पंचांचं एकमत होईना म्हणून निर्णय माझ्याकडे आला आणि मी बोनस नाकारला. दिला असता तर ३१–३१. घरी आल्यावर ज्या पोराने माझं गाणं टिपलं, त्याच्याकडूनच सामन्याची क्लिप मागवली आणि थांबवून थांबवून पाहिली. समोर सहा खेळाडू, पुढचा पाय बोनस रेषेच्या पलीकडे, मागचा पाय पूर्ण हवेत.

तो बोनस होता. माझ्या गाण्याची बातमी छापली तशी हीही छापावी. निकाल आता बदलता येत नाही, हे मी त्या पोराला भेटून सांगितलं आहे.

पत्राखाली नाव, गाव आणि मोबाईल नंबर शाईने लिहिला आहे. छापायचा की नाही ते आपण ठरवा.

आपला,
अंतिम सामन्याचा सरपंच (निवृत्त शारीरिक शिक्षक)
ता. चिमूर, जि. चंद्रपूर