निपल उघडण्याआधी पेडल बघायला शिकवलंत, त्याबद्दल

आदरणीय मेस्त्री,

सप्रेम नमस्कार.

फोंडा-डिचोली भागातल्या गॅरेजांत तुमच्या हाताखाली तयार झालेली आम्ही मंडळी हे आभाराचं पत्र मुद्दाम उघड लिहितोय. तुम्ही दिलेलं आमच्यापुरतं ठेवावं असं ते नाहीच. ब्रेक मऊ लागला की ‘हवा काढून टाका’ एवढंच गिऱ्हाइकाला माहीत असतं, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या मेकॅनिकांनाही. तुम्ही मात्र निपल (चाकाजवळचा तेल-हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) उघडायला हातात पाना देण्याआधी ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवायला लावायचात.

पेडल दोन-तीनदा मारल्यावर वर येतं पण तरीही लिबलिबीत लागतं, तर लाइनमध्ये, म्हणजे ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांत, हवा आहे. वर येऊन घट्ट होतं, तर बहुतेकदा हवेचा संबंधच नसतो. मागच्या चाकांच्या ड्रममधले शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) झिजून अंतर वाढलेलं असतं. ते अ‍ॅडजस्ट करायचं सोडून तेल ओतत बसण्यात अर्थ नाही. पाय दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली सरकतं आणि बाहेर कुठे थेंब नाही, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा मुख्य पंप) आतली रबरी वॉशर तेल सोडतेय. पण ‘थेंब नाही’ हे म्हणण्याआधी ड्रम काढून व्हील सिलिंडरचं (शू ढकलणारा छोटा सिलिंडर) रबरी बूट उचलून पाहायचं, आणि मास्टर सिलिंडर बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा डबा) जिथे जोडलाय तिथे बोट फिरवायचं. मागच्या बाजूने गळलेलं तेल बूस्टरमध्ये जातं, जमिनीवर दिसत नाही. क्लच हायड्रॉलिक असेल आणि दोघांची टाकी एकच असेल, तर तेल क्लचच्या लाइनमधूनही कमी होतं. आणि नुसतं डिस्क ब्रेकचं पॅड झिजल्यानेही टाकीतली पातळी थोडी उतरते. पॅड न बघता टाकी भरून दिली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलल्यावर तेच तेल बॉनेटखाली सांडतं. रंगावर पडलं तर लगेच पाणी मारायचं, नाहीतर रंग सुटतो.

चाक अडकतंय, तेव्हा तुम्ही दाखवलेली युक्ती आम्ही सगळ्यात जास्त वापरतो. चाक जॅकवर घ्या, ब्रेक मारून सोडा, चाक जाम असतानाच निपल जरासं उघडा. तेल उसळलं आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकलाय; एकाच चाकाला असेल तर संशय होज पाइपवर, म्हणजे चाकाजवळच्या रबरी नळीवर. बाहेरून चांगला दिसणारा पाइप आतून फुगतो, तेल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. निपल उघडूनही चाक जाम राहिलं, तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना अडकल्यात. पाच मिनिटांच्या या तपासणीने नवा कॅलिपर घेण्याचा खर्च कितीदा तरी वाचतो.

तेलाच्या बाबतीत तुमचा हट्ट गोव्यात तर हवाच. डॉट ३ आणि डॉट ४ ही तेलं हवेतला ओलावा ओढतात, आणि आपल्याकडे ओलावा बारा महिने. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. पण पाण्याचं प्रमाण ३.७ टक्के झालं की हाच आकडा अनुक्रमे १४० आणि १५५ वर येतो. चोर्ला घाट केरीकडे उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर कॅलिपरजवळचं तेल तिथवर पोचू शकतं. मग त्यातल्या पाण्याची वाफ होते, पेडल खाली जातं, आणि गाडी थंड झाल्यावर सगळं पूर्ववत. गिऱ्हाईक म्हणतं ‘आता ठीक आहे’. ठीक नसतं, तेल बदलायचं असतं. दोन वर्षांनी बदलावं, आणि फोडून ठेवलेली बाटली वापरूच नये. डॉट ५ सिलिकॉनचं, ते यात मिसळत नाही, ५.१ मात्र याच जातीचं. नावावरून होणारा हा गोंधळ काउंटरवर रोज होतो.

प्रत्यक्ष हवा काढणं तुमच्या पद्धतीने असं: टाकीतलं काळं तेल आधी सिरिंजने ओढून घ्यायचं, नवं भरायचं. छोट्या गाडीला अर्धा लिटर कसाबसा पुरतो, म्हणून एक लिटर हाताशी. निपलला बसेल तो रिंग पाना, बहुधा ८ किंवा १० चा, त्यावर पारदर्शक नळी, आणि नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडालेलं. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून सहसा सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून. पण तिरप्या लाइनच्या (पुढचं एक आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एकाच लाइनवर) आणि एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाड्यांना कंपनीचाच क्रम. आतला माणूस पेडल सावकाश दाबून धरतो, बाहेरचा पाव फेरा उघडतो, आणि पाय उठण्याआधी बंद करतो. ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ याशिवाय चौथा शब्द नाही. भराभर पंप केलं की हवेचा फेस होतो आणि तो निघता निघत नाही. पाच-सहा वेळा झालं की टाकी बघायची. ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायची तुमची सवय आता आमचीही आहे. रोजच्या वापरात पिस्टन जिथवर जात नाही तिथे सिलिंडरला गंज धरलेला असतो. पेडल तळापर्यंत नेलं की वॉशर त्या गंजावर घासून फाटते आणि चांगला मास्टर सिलिंडर दुसऱ्या दिवशी तेल सोडायला लागतो.

किनाऱ्यालगतच्या गाड्यांचा मुख्य छळ म्हणजे गंजलेलं निपल. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारायचं, हातोडीने हलके ठोके द्यायचे, सहा कोनांचा सॉकेट लावायचा, आधी किंचित आवळून मग सोडायचं. काम झालं की रबरी टोपी बसवायचीच. पाच रुपयांच्या टोपीअभावी कॅलिपर जातो.

कितीही तेल काढलं तरी पेडल लिबलिबीतच, अशा गाड्या अधूनमधून येतात. तेव्हा डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झालाय का बघायचं: निपल खाली आलं की वरची हवा कधीच बाहेर पडत नाही. एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा शिरली असेल तर स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो, नुसत्या पायाने भागत नाही. व्हॅक्यूम पंपाने ओढताना न थांबणारे बुडबुडे मात्र बहुतेकदा निपलच्या आट्यांतून येतात. त्यांना घाबरून लिटरभर तेल घालवू नये.

एक मागणं आहे. मधोमध कापून दाखवलेला तो आतून बुजलेला होज पाइप तुमच्याकडे अजून असेल, तर गॅरेजमधल्या नव्या पोरांसाठी तो आम्हाला द्या. तोंडी सांगून त्यांना पटत नाही.

आपली,
फोंडा-डिचोलीतली शिकाऊ म्हणून आलेली मंडळी