रॉबर्ट एल्सी सरांना अनावृत पत्र

आदरणीय एल्सी सर,

सविनय नमस्कार.

तुम्ही २०१७ मध्ये गेलात. तरी आभार मानायचे राहून जाऊ नयेत, म्हणून हे पत्र.

मी मिग्येनी या अल्बेनियन कवीच्या कविता मराठीत आणते आहे. अल्बेनियन शिकवणारं मला इथे कुणी भेटलं नाही. भेटलं ते तुमचं काम. कवितांची इंग्रजी भाषांतरं, जुने प्रवासवृत्तान्त, कागदपत्रं, छायाचित्रं असं सगळं तुम्ही संकेतस्थळावर खुलं ठेवलंत. शाळामास्तर असलेला मिग्येनी १९३८ साली सव्विसाव्या वर्षी क्षयानं गेला, हेही मला तुमच्यामुळेच कळलं.

तुमचा जन्म १९५० चा, कॅनडातल्या व्हँकूव्हरचा. अल्बेनियन काही तुमची घरची भाषा नव्हे. बॉनला १९७८ मध्ये डॉक्टरेट घेतलीत तीही भाषाशास्त्र आणि केल्टिक अभ्यासात. त्याच सुमारास विद्यापीठाच्या गटाबरोबर अल्बेनियात जाऊ लागलात. तेव्हा तिथे एन्व्हर होज्जाची कम्युनिस्ट राजवट होती आणि परक्या माणसाला सहजी शिरकाव नव्हता. पुढे जर्मन परराष्ट्र खात्यात नोकरी केलीत, हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणात दुभाषा झालात आणि एवढ्या व्यापात साठाहून अधिक पुस्तकं लिहून-संपादून हातावेगळी केलीत.

हेगमधल्या कामाबद्दल मला विशेष आदर वाटतो. सर्बियाचा माजी अध्यक्ष मिलोशेविच याच्यावरच्या खटल्यात कोसोवोतली माणसं आपल्या अल्बेनियन भाषेत साक्ष देत होती आणि ते बोलणं त्याच क्षणी इंग्रजीत न्यायचं होतं. तिथे शब्दासाठी थांबायला सवड नसते. कविता अनुवादताना एकेका ओळीवर आठवडा घालवण्याची चैन मला परवडते, म्हणून त्या कामाचं मोल मला जास्तच जाणवतं.

फिश्ता हा अल्बेनियन कवी; कम्युनिस्ट काळात त्याच्या लेखनावर बंदी होती. त्याचं पंधरा हजारांवर ओळींचं महाकाव्य तुम्ही जॅनिस मॅथी-हेक यांच्यासह २००५ मध्ये इंग्रजीत आणलंत. लाहुता या एकतारी वाद्यावर गायल्या जाणाऱ्या वीरगीतांच्या वळणाचं हे काव्य. ते वाचताना मला डफावर थाप मारून उभा राहिलेला आपला शाहीर दिसतो.

पण सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती अल्बेनियन बोलींची ध्वनिमुद्रणं. श्कुम्बिन नदीच्या उत्तरेला घेग, दक्षिणेला तोस्क, एवढं पुस्तकातही सापडतं. पण घेगमधला ‘न’ कित्येक शब्दांत तोस्कमध्ये ‘र’ होतो, घेगमध्ये स्वर नाकातून येतात, हे कानांनी ऐकल्यावरच पटलं. मिग्येनी उत्तरेकडचा, श्कोडरचा. त्या मुद्रणांमुळे त्याची ओळ मी मोठ्यानं म्हणून बघू शकते, तिचा ठेका धरू शकते. मराठी खर्ड्यातल्या कितीतरी ओळी मी त्यानंतर मोडून नव्यानं बांधल्या.

तुमच्या इच्छेनुसार तुमचं दफन उत्तर अल्बेनियाच्या डोंगरातल्या थेथ गावी झालं. तुमच्या भाषांतरांशेजारी आता या कवितांचं मराठी रूपही उभं राहतं आहे. पुस्तक निघेल तेव्हा पहिल्या पानावर तुमचं नाव असेल.

मनापासून आभार, सर.

आपली कृतज्ञ,
एक मराठी अनुवादक