टेलिग्राफ बेटावरचा शिधा

महोदय,

ओमानमधील मुसंदमच्या टेलिग्राफ बेटाविषयी लिहिताना सगळे तिथल्या उन्हाचीच गोष्ट सांगतात. खसबहून बोटीने मी तिथे गेलो होतो. चहूकडे उभे काळपट डोंगर, झाड नाही की गोड्या पाण्याची विहीर नाही. पाहताक्षणी मनात आले, इथली माणसे जेवत काय असतील?

१८६४ मध्ये ब्रिटिशांची ग्वादर (आज पाकिस्तानात) ते फाव (आज इराकमध्ये) अशी संदेशवहनाची समुद्री तार पडली, त्यातले हे मधले ठाणे. पीठ, डाळ, तेल, सारे जहाजाने यायचे. जहाज लांबले की हाल. अवघ्या काही वर्षांत ते ठाणे उठले आणि काम इराणच्या किनाऱ्यावर जास्कला गेले. पण जास्क म्हणजे परके राज्य, तिथे जकात आली. आधी सरसकट ५ टक्के होती. १९०३ च्या नव्या दरपत्रकात मालागणिक वेगळे दर लागले आणि जकातखाना बेल्जियन अधिकाऱ्यांच्या हाती होता. घरापासून शेकडो मैलांवर बसलेल्या तारबाबूला साखरेचे पोते किती मोलाचे, हे दरपत्रकात कुठे दिसणार?

१८७३ पर्यंत इराणी आखाताचा राजकीय कारभार मुंबई सरकारकडे होता. त्या काळचे दप्तर मुंबईच्या पुराभिलेखागारात आहे. साहेबांवर पुष्कळ लिहून झाले. तिथल्या स्वयंपाक्यांवर, खलाशांवर, हमालांवर कुणी अभ्यासकाने आपल्या रविवार पुरवणीत लिहावे, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, डोंबिवली