पन्नाशीच्या अलीकडची पद्मिनी : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

नाशिकला आमच्या दारात मार्च 1987 मध्ये आलेली प्रीमियर पद्मिनी मोटार अजून उभी आहे. दर रविवारी सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, चोक ओढून ती चालू करतात आणि सोमेश्वराच्या देवळापर्यंत चक्कर मारून आणतात. तिची नोंदणी मार्च 2027 मध्ये संपते. मागच्या खेपेला, 2022 च्या मार्चमध्ये, नूतनीकरणाचं शुल्क 600 रुपये होतं. पुढच्याच महिन्यात ते 5,000 झालं आणि 2025 पासून वीस वर्षांवरच्या मोटारींना 10,000. पर्यावरण कर त्याशिवाय. पैसे आम्ही भरू. पण मागे याच कामाच्या धावपळीत एकाने अण्णांना तोंडावर सांगितलं, "काका, भंगारात घाला आता." अण्णा काही बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी गाडी पुसायला घेतली. तेव्हापासून हे पत्र माझ्या मनात आहे.

केंद्राने जुलै 2021 मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात जपलेली खासगी गाडी असेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर आणि दहा वर्षांची नोंदणी मिळते. नियम चांगलाच आहे. पण 'पद्मिनी' हे नावच मुळी 1974 चं. ऐंशी-नव्वदच्या दशकातली पद्मिनी, जी आपण सगळ्यांनी लग्नाच्या वरातीत आणि डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर पाहिली, ती 2030 नंतर एकेक करून पन्नाशीला पोहोचेल. तोवर ती सरकारदरबारी नुसती जुनी गाडी. पहिली नोंदणी पंधराव्या वर्षी संपते, तिथपासून पन्नाशीपर्यंतच्या या मधल्या पस्तीस वर्षांतच गाड्या मोडीत जातात, साहेब.

आणि ही गाडी महाराष्ट्राची आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभारला. याच माणसाने त्याआधी, 1933 मध्ये, आमच्या जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला होता. रावळगावच्या गोळ्या खात आम्ही ज्या गाडीतून फिरलो, ती गाडी आणि त्या गोळ्या एकाच माणसाच्या उद्योगातून आल्या, हे मला फार उशिरा कळलं. शाळेत कुणी सांगितलं नाही.

कुर्ल्याला आधी अमेरिकन डॉज आणि प्लायमाउथ जोडल्या जात. 1954 मध्ये इटलीच्या फियाटची 1100 आली. तिची पुढची दारं उलटी उघडायची आणि लोक तिला प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणत. 1964 मध्ये 1100 डी आली, डिलाइट नावाने. पद्मिनी ती हीच. मधे थोडा काळ ती 'प्रेसिडेंट' होती, मग पद्मिनी झाली. इंजिन 1,089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट सलग. इटलीत 1100 ची निर्मिती 1969 मध्ये थांबली. आपल्याकडे ती 2000 सालापर्यंत चालली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी 1964 मध्ये बँकेचं 5,000 रुपये कर्ज काढून फियाट घेतली. ती आज दिल्लीत त्यांच्या स्मारकात जपलेली आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी मात्र ऑक्टोबर 2023 मध्ये वीस वर्षांची मुदत संपली म्हणून रस्त्यावरून उतरली.

मुंबईहून परतताना कसारा घाटात आमची गाडी हमखास बंद पडायची. उन्हाळ्यात इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप तापायचा, आत वाफ धरायची आणि कार्बोरेटरला पेट्रोल पोहोचायचं नाही. मी चौथीत होते. अण्णा चाकामागे दगड लावायला सांगायचे, बॉनेट उघडायचे आणि आईने पाण्याच्या बाटलीतून भिजवलेलं फडकं त्या पंपावर गुंडाळायचे. आम्ही रस्त्याकडेला बसून वाट पाहायचो. वीसेक मिनिटांनी गाडी चालू व्हायची. फडकं तसंच ठेवून आम्ही इगतपुरी गाठायचो. ते फडकं आजही डिकीत असतं. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या ज्या मिस्त्रींनी वर्षानुवर्षं हिचे पॉइंट, म्हणजे इंजिनाच्या ठिणगीसाठीचे संपर्कबिंदू, घासून दिले, ते आता थकलेत. त्यांच्या हाताखालच्या पोरांनी कार्बोरेटर उघडलेला नाही.

धूर ओकणाऱ्या, ब्रेक न लागणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जायलाच हव्यात, त्यात दुमत नाही. आमची गाडी दर वेळी पीयूसीत पास होते. न झाली तर मीच ती बाहेर काढणार नाही. पण आठवड्याला दहा-बारा किलोमीटर चालणाऱ्या गाडीला आणि रोज भाडी मारणाऱ्या जुन्या गाडीला एकच मोजमाप लावू नका. पर्यावरण कर राज्याच्या हातात आहे. तीस वर्षं झालेली, मूळ रूपातली, तपासणीत पास होणारी आणि धंद्याला न लावलेली गाडी त्यातून वगळावी. पन्नासच्या अलीकडे, तीस वर्षांपासून, 'वारसा वाहन' असा एक वर्ग करावा, अशी शिफारस आपण केंद्राकडे करावी. वापरावर विंटेजसारखी बंधनं घाला, आम्ही पाळू.

हे फक्त पद्मिनीपुरतं नाही. 2007 पासून आमच्या नाशिकच्या महिंद्राच्या कारखान्यात लोगन ही मोटार बनली. तिच्या पहिल्या गाड्यांची पंधरा वर्षं कधीच भरली. त्यातली एखादी तरी कुणी जपायला हवी.

आमची गाडी 2037 मध्ये पन्नाशीची होईल. अण्णा तेव्हा एकोणनव्वद वर्षांचे असतील. नाशिकच्या दौऱ्यावर याल तेव्हा रविवारची सकाळ मोकळी ठेवा. सोमेश्वरापर्यंत अण्णा स्वतः नेतील. पुढच्या सीटवर तिघं बसतात.

आपली,
नाशिकची एक रहिवासी