आई-बाबा, बंडू कुणाला चावलेला नाही

विश्रामबाग, सांगली
कोजागरीनंतरचा रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आधी एवढंच सांगते, बंडू कुणाला चावलेला नाही. आपल्या कुत्र्यानं माझ्या पाळणाघरातल्या पोरीला चावा घेतला असं शैलाआत्याला कुणी सांगितलं मला माहीत नाही. तिच्यावर रागावू नका, काळजीपोटीच तिनं फोन केला असणार. पण चावलेला नाही. फोनवर सांगायला गेले तर आई, तू रडायलाच लागलीस, आणि बाबांनी "कुत्रं इकडं पाठवून दे" म्हणून फोन ठेवला. म्हणून लिहायला बसलेय. संतोष उद्या पहाटे भिलवडीला निघणार आहे, त्याच्या हातात चिठ्ठी देते. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा, आईच्या डोळ्यांना ताण नको.

झालं ते असं. पितृपंधरवड्यातला गुरुवार होता. पोरं दुपारची झोपून उठली होती आणि मी दूध गरम करत होते. कुरिअरवाल्यानं बेल वाजवली. मदतीला येणाऱ्या सुमनमावशींनी बंडूच्या मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं होतं, पण कडी बसली नव्हती. बेल ऐकून बंडू पुढच्या दाराकडं धावला आणि त्याच्या वाटेत अडीच वर्षांचं लेकरू उभं होतं. ३६ किलोचा धक्का तिला कसा सोसावा? पोर उंबऱ्यावर आपटली, वरचा ओठ फाटला. दोन टाके पडले. दात शाबूत आहेत, डॉक्टरांनी दोनदा बघितलं. बंडू तिथंच कान पाडून पोट जमिनीला लावून बसला होता. मी तिच्या आईला फोन केला आणि रिक्षात बसले. दवाखान्याच्या दारात ती भेटली. भांडली नाही. लेकीला माझ्या कडेवरून घेतलं आणि तिच्या केसांत तोंड घालून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी वडील येऊन दप्तर, चादर, वाटी-चमचा घेऊन गेले. तिच्या नावाची खुंटी रिकामीच आहे. दुसरं नाव चिकटवायला अजून हात होत नाही.

चूक बंडूची नाही, सुमनमावशींचीही नाही. नऊ पोरांची जबाबदारी मी एका कडीवर टाकली होती.

चार दिवस पाळणाघर बंद ठेवलं. त्या चार दिवसांत सगळ्या आईवडिलांना बोलावून काय घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. ज्यांना पोरं काढायची असतील त्यांनी काढावीत, आगाऊ भरलेले पैसे परत देते म्हटलं. आणखी एकानं काढलं. सात राहिली. त्यातली मिरजेची सिस्टरताई काय म्हणाली माहीत आहे? "ताई, तुम्ही लपवलं असतं तर मी उद्यापासून पाठवलं नसतं."

तर आता मी ठरवलंय. पाळणाघर बंद करणार नाही आणि बंडूलाही भिलवडीला पाठवणार नाही. ठरवून झालंय, तुम्हाला विचारून केलं नाही, म्हणून आधीच पाया पडते.

बाबा, तुम्ही म्हणालात, दुसऱ्याची लेकरं सांभाळायची तर घरात एवढं थोरलं जनावर कशाला. खरं आहे. पण कुपवाडच्या एमआयडीसीत जाणाऱ्या बायकांनी पोरं कुठं ठेवायची? २०१७ पासून कायदा आहे, जिथं ५० किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथं पाळणाघराची सोय पाहिजे. पण आपल्याकडचे कारखाने वीस-पंचवीस माणसांचे. माझ्याकडच्या दोघीजणी अशाच शेडमध्ये काम करतात, सासू गावाकडं, नवरा दुसऱ्या पाळीला. त्यांच्या पोरांना सकाळी साडेआठला मी दारात दिसते म्हणून त्यांचा पगार घरात येतो. आणि माझंही घर त्यावर चालतंय. ह्यांची बदली सोलापूरला झाल्यापासून दोन ठिकाणचा खर्च आहे. शनिवार सोडला तर रात्री घरात मी आणि बंडूच. तो दाराशी आडवा पडलेला असतो म्हणून मला झोप लागते. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, उगीच घोर लागेल म्हणून.

आता काय काय केलंय ते नीट ऐका, म्हणजे रात्री विचार करत बसणार नाही. मागच्या खोलीला आता दोन दारं आहेत. एक होतं तेच, आणि त्याच्या अलीकडं कमरेएवढं अर्धं दार. एक उघडं राहिलं तरी दुसरं बंद असतं. बेल काढून टाकली, लोक फोन करतात. सकाळी साडेपाचला मी बंडूला शंभर फुटी रोडवरून तासभर चालवून आणते, मग तो दुपारपर्यंत ढाराढूर. परसातली त्याची घाण पोरं यायच्या आत उचललेली असते आणि संध्याकाळी पुन्हा. जनावरांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, कुत्र्याच्या शीमधून जंताची अंडी मातीत पडतात, पण ती लगेच बाधत नाहीत, दोन-तीन आठवडे मुरावी लागतात. म्हणजे रोजच्या रोज उचललं की ती वेळच येत नाही. तरी वाळूच्या हौदाला झाकण केलंय. दर तीन महिन्यांनी जंताची गोळी, वर्षाला रेबीजचं इंजेक्शन आणि लेप्टोचंही, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचं, कारण पूर आला की उंदरांची घाण सगळीकडं पसरते. सगळ्याची वही आहे, कुणीही मागावी, मी पुढ्यात ठेवते. एका आईनं लेकराला दम्याचा त्रास आहे म्हणून विचारलं, तेव्हा मीच सांगितलं, माझ्याकडं नका ठेवू, घरात केस उडतात. ती दुसरीकडं गेली. पैसे गेले, पण त्या पोराचा श्वास तर नीट राहील.

बंडू आणि पोरं एका खोलीत मी नसताना एक क्षणही नसतात. मला बाथरूमला जायचं असलं तरी आधी बंडू आत आणि कडी. तीन वर्षांखालच्यांनी फक्त अर्ध्या दाराच्या अलीकडून बघायचं. कारण आई, एवढ्याशा लेकरांचं तोंड बरोबर कुत्र्याच्या तोंडासमोर येतं, म्हणून चावा बसला तर गालावर, मानेवर बसतो. मोठ्या चौघांना चारच्या दुधाआधी पाच मिनिटं. बंडूला दोरी, दोरी माझ्या हातात. एकानं यायचं, हात पुढं करून थांबायचं, बंडू आपण होऊन जवळ आला तरच छातीवरून हात फिरवायचा. गळ्यात पडायचं नाही, पाठीवर बसायचं नाही. त्यानं मान फिरवली, जीभ ओठांवरून फिरवली, झोप आलेली नसताना जांभई दिली, की "आता त्याला नको आहे" असं पोरंच मला सांगतात. मग साबणानं हात धुवायचे. आणि कधी गुरगुरला तर मी त्याला मारत नाही, पोराला बाजूला घेते. गुरगुरणं म्हणजे त्यानं सांगून बघणं. ते मारून बंद पाडलं तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

हे सगळं डॉक्टरांकडून शिकले असं लोकांना सांगते, पण खरं म्हणजे निम्मं आपल्या सोप्यातलं आहे. वाघ्या भाकरी खात असताना मी एकदा त्याच्या शेपटाला हात लावला, तेव्हा आई, तू मला मागच्या मागं उचललंस आणि म्हणालीस, "जेवत्याला आणि निजल्याला हात लावायचा नाही, मग तो माणूस असू दे का कुत्रं." तेच वाक्य मी आता रोज पोरांना म्हणायला लावते, सात जणं एका सुरात म्हणतात. आणि बाबा, दादा रांगायला लागला तेव्हा तुम्ही गोठ्याच्या दाराला दोन्हीकडं खाचा पाडून आडफळी बसवली होती. मी तिच्या अलीकडं उभी राहून पलीकडच्या म्हशीला गवताची एक-एक काडी द्यायची. फळीला हनुवटी टेकायची माझी, आठवतंय? तुम्ही एसटीच्या डेपोतून आल्यावर मला फळीवरून उचलून तिच्या पाठीवर बसवायचात, ग्रीसचा वास यायचा तुमच्या हाताला. मला कुठल्या जनावराची भीती वाटली नाही, ती तुमच्यामुळं.

आता जे लिहायला जड जातंय ते लिहिते. बाबा, "पाठवून दे" म्हणालात त्यात पोरांची काळजी होती हे मला कळतं. पण तुम्हाला तो हवाही आहे, हेही कळतं. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आली, आणि तुम्ही दोघं नेसत्या कपड्यांनिशी माझ्या दारात उतरलात. तेव्हा बंडू नऊ महिन्यांचा होता. अकरा दिवस तो तुमच्या पायांवर झोपला. तुम्ही कुणाशी बोलत नव्हता, त्याच्याशी बोलायचात. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. तेव्हापासून तो जितका माझा तितकाच तुमचा आहे.

तरी पाठवत नाही. आई, तुला आजवर सांगितलं नव्हतं, वैशाखात बाबांचं मनगट मोडलं ते घाटावर पाय घसरून नव्हे. बंडूनं मांजरामागं ओढ घेतली आणि दोरी बाबांच्या हाताला गुंडाळलेली होती. बंडूवर बोल येऊ नये म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती. बाबा, शपथ मोडली, माफ करा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना असं पडणं परवडत नाही. डोक्याला लागलं असतं तर? तुमच्यात बळ नाही असं मी म्हणत नाहीये. तो ऐन ताकदीत आहे आणि त्याला तुमचा हात ओळखता येतो, वय कळत नाही. थोडा म्हातारा होऊ दे. तोपर्यंत तुम्हीच इकडं येत जा.

दिवाळीला याल ना? घर पाळणाघर झालंय म्हणून अडचण होईल असं आईनं मनात आणू नये. तुमची खोली तशीच आहे, तिथं पोरांचं खेळणंसुद्धा जात नाही. संडासात कमोड बसवलाय, शेजारी धरायला दांडी लावलीय. पलंगाखाली दोन विटांची उंची दिली, आईच्या गुडघ्यांना उठताना बरं पडेल. देवघराच्या उंबऱ्याच्या आत बंडू कधीच येत नाही, आई, तुझी शपथ. पाच वाजता चहा मिळेल, पोरं साडेसहाला जातात, मग घर शांत. बाबांचा रेडिओ दुरुस्त करून आणलाय, आकाशवाणी सांगली खरखर न करता लागतं. दुपारी तुम्ही झोपल्यावर पोरांनी दंगा केला तर मी त्यांना परसात नेईन. खरं तर दंगा तुम्हाला आवडेल असं मला वाटतं. एक चार वर्षांचा आहे, कुणीही आजोबा दिसले की मांडीवरच जाऊन बसतो.

आणि आता माझं ऐकायचं. बाबा, अंधारात नदीकडं फिरायला जाणं बंद. उजाडल्यावर जा आणि काठी घ्या, काठीला लाजायचं कशाला? सकाळची गोळी उपाशीपोटी का जेवून, ते डब्यावर मी लिहिलंय, चिठ्ठी फाडू नका. आई, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. पाण्याची कळशी उचलायची नाही, नळाला पाइप लावून देते असं संतोष म्हणालाय, त्याला लावू दे. लोणचं एक फोड, दोन नाही. मोतीबिंदूचं संक्रांतीच्या आत उरकायचं, मिरजेत दाखवू. तेव्हा तू इथंच आठ दिवस राहशील, मी ड्रॉप घालीन. जरा कडक बोलले का? तू मला ताप आला की काढा पाजताना नाक दाबायचीस, त्यापेक्षा बरं आहे हे.

बंडूला या दिवाळीत सात पूर्ण होतील. तोंडापाशी पांढरं दिसायला लागलंय. बाबांचा फोन आला की स्पीकरवर आवाज ऐकून अजून दाराकडं जाऊन बघतो.

एक काम आहे, बाबा. मागच्या खोलीचं अर्धं दार मी घाईत प्लायचं करून घेतलंय, पावसात फुगलं, कडी घासते. ती गोठ्यातली आडफळी सागाची आहे ना? माळ्यावर असेल, आईला ठाऊक असेल. दाराची रुंदी सव्वातीन फूट, आतल्या आत, चौकट धरून नाही. संतोषला कापायला लावा, माप तुम्ही धरा, मनगटावर जोर नको. खाचा इथं आल्यावर तुमच्या हातानं पाडू. दिवाळीला येताना एसटीत टाकून आणा, कंडक्टर तुम्हाला नाही म्हणणार नाही.

तुमची,
ताई